बीटेक असताना आयटीआयच्या जागेला अपात्र का?

(या भागाचा लिखित मजकूर. बोलताना मध्येमध्ये आलेले ‘म्हणजे’ आणि ‘बघा’ थोडे कमी केलेत, बाकी बोललो तसंच ठेवलंय.)

कुणी बसमध्ये असेल, कुणी अभ्यासिकेतून खाली चहाला उतरलं असेल. पंचवीस मिनिटं द्या मला. आजचा विषय तुमच्यापैकी निम्म्या लोकांनी मेसेज करून मागितलेला आहे.

मेसेज साधारण असे असतात. ‘दादा, माझं बीई सिव्हिल झालंय. जाहिरातीत डिप्लोमा मागितलाय. मी बारावीनंतर थेट डिग्री केली, डिप्लोमा नाही. फॉर्म भरू का?’ दुसरा मेसेज, ‘माझं एमए बीएड झालंय, पहिली ते पाचवीच्या शिक्षकपदाला चालेल ना?’ तिसरा मला फार आवडला. ‘सर, मी कॉम्प्युटर इंजिनियर आहे. क्लार्कच्या जाहिरातीत एमएससीआयटी मागतायत. खरंच करायचं का?’

तिन्ही प्रश्नांच्या मुळाशी एकच प्रश्न आहे. जाहिरातीत मागितलंय त्यापेक्षा माझ्याकडे जास्त शिक्षण आहे, तर मी आपोआप पात्र ठरतो का?

आपल्या सगळ्यांच्या डोक्यात याचं उत्तर ‘हो’ असंच असतं. माझ्याही डोक्यात होतं. त्याची किंमत मी मोजलीय, म्हणून आधी ती गोष्ट सांगतो.

कागदपत्र पडताळणीच्या टेबलावर

मी आज सॉफ्टवेअरमध्ये आहे, पण माझं बीटेक इलेक्ट्रिकलमधलं. पास झालो तेव्हा कॅम्पसमधून काही मिळालं नव्हतं. घरी अप्पांनी शिक्षणासाठी कर्ज काढलेलं, त्याचा हप्ता सुरू व्हायची वेळ आलेली. तेवढ्यात एका सरकारी कंपनीची तंत्रज्ञ पदाची जाहिरात आली. कंपनीचं नाव घेत नाही, त्याची गरज नाही. अर्हतेत लिहिलं होतं: दहावी उत्तीर्ण आणि इलेक्ट्रिशियन ट्रेडमधला आयटीआय. मी म्हटलं, अरे, आपण तर इलेक्ट्रिकलचे इंजिनियर! आयटीआयवाल्यांना जे येतं ते आपल्याला येणारच. फॉर्म भरला. ऑनलाइन फॉर्ममध्ये शिक्षणाच्या यादीत ‘पदवी’ हा पर्याय होता, तो निवडला, फॉर्म पुढे गेला. फी कापली गेली, हॉलतिकीट आलं. परीक्षा दिली. गुण चांगले पडले. यादीत नाव आलं आणि घरी पेढे वाटले गेले.

मग कागदपत्र पडताळणी. सकाळी सातच्या गाडीने गेलो. टेबलावर एक वयस्कर साहेब होते, चष्मा नाकावर. फाइल चाळली आणि म्हणाले, “आयटीआयचं प्रमाणपत्र?”

“सर, बीटेक आहे. इलेक्ट्रिकल.”

“ते दिसतंय. आयटीआयचं?”

“सर, बीटेक म्हणजे त्याच्या वरचंच ना.”

त्यांनी चष्मा काढला. रागावले वगैरे नाहीत हं. म्हणाले, “अहो इंजिनियर, वरचं खालचं मी ठरवत नाही. माझ्याकडच्या रकान्यात आयटीआय लिहिलंय. तो रकाना रिकामा राहिला तर मी काय लिहू?”

त्यांनी ‘अपात्र’ लिहिलं. मी सही केली आणि बाहेर आलो.

संध्याकाळी घरी सांगितलं. अप्पा बराच वेळ गप्प होते. मग म्हणाले, “म्हणजे तू जास्त शिकलास म्हणून नापास झालास?”

तेव्हा माझ्याकडे याला उत्तर नव्हतं. राग होता, आणि अपमानही वाटत होता. नंतर कोडिंग शिकलो, नोकरी लागली, कर्ज फिटलं. पण तो प्रश्न डोक्यात राहिला. म्हणून सवड मिळेल तसे मी यावरचे निकाल वाचत गेलो. मी वकील नाही, हे आधीच सांगतो. कुणाची केस सुरू असेल तर वकिलाकडेच जा. पण जे वाचलं ते तुमच्यापर्यंत पोचवावं असं वाटलं.

केरळमध्ये ‘हो’, जम्मू-काश्मीरमध्ये ‘नाही’

यावर सर्वोच्च न्यायालयाचे दोन निकाल शेजारी ठेवून वाचले की बरंच कळतं.

पहिला केरळचा. ‘ज्योती के. के. विरुद्ध केरळ लोकसेवा आयोग’. केरळ वीज मंडळात सब इंजिनियर इलेक्ट्रिकल अशी पदं होती. अर्हता होती इलेक्ट्रिकलचा डिप्लोमा. अर्ज केलेल्यांमध्ये बीटेकवाले होते. आयोगाने त्यांना नाकारलं, उच्च न्यायालयातही ते हरले. सर्वोच्च न्यायालयाने मात्र सांगितलं की हे पात्र आहेत. त्याच शाखेतली पदवी आहे म्हणजे त्याच्या खालचं शिक्षण त्यात धरलेलं आहे.

आता हा निकाल व्हॉट्सॲपवर फिरतो तो एवढाच. ‘सुप्रीम कोर्टाने सांगितलंय, डिग्रीवाले डिप्लोमाला चालतात!’ खाली तीन टाळ्या. पण त्या निकालाचा पाया काय होता ते कुणी फॉरवर्ड करत नाही. केरळच्या सेवा नियमांमध्ये नियम १० (अ) (२) असा एक नियमच आहे. तो म्हणतो की ज्या वरच्या अर्हतेत खालची अर्हता गृहीत धरलेली आहे, ती वरची अर्हताही त्या पदाला पुरेशी मानावी. म्हणजे दार केरळ सरकारने स्वतःच आपल्या नियमात ठेवलं होतं. न्यायालयाने ते दार उघडं असल्याचं सांगितलं, एवढंच. आणि त्याच निकालात हेही म्हटलंय की जास्त शिकलेले उमेदवार सरकारला नको असतील, तर तसं नियमात स्पष्ट लिहायला सरकार मोकळं आहे.

दुसरा निकाल जम्मू-काश्मीरचा, डिसेंबर २०१८. ‘झहूर अहमद राथर विरुद्ध शेख इम्तियाज अहमद’. वीज विभागात टेक्निशियन ग्रेड तीन ही पदं. अर्हता दहावी आणि संबंधित ट्रेडमधला आयटीआय. अर्ज कुणी केला? डिप्लोमावाल्यांनी. पहिल्यांदा वाचताना मी मोबाइल बाजूला ठेवला आणि हसलो. माझीच गोष्ट! फक्त माझ्याकडे डिप्लोमाऐवजी डिग्री होती.

डिप्लोमावाले केरळचा निकाल घेऊन गेले. न्यायालय म्हणालं की तो निकाल केरळच्या त्या विशिष्ट नियमावर उभा आहे. तुमच्याकडे तसा नियम आहे का? नाही. मग वरच्या शिक्षणात खालचं शिक्षण आपोआप आलं असं आम्ही धरून चालणार नाही. कुठल्या पदाला काय शिक्षण लागतं आणि कुठली पदवी कशाच्या बरोबरीची, हे ठरवणं नोकरी देणाऱ्या सरकारचं काम आहे. न्यायालय त्यात स्वतःचं गणित घालणार नाही.

म्हणजे बघा, एका ठिकाणी ‘हो’ आणि दुसऱ्या ठिकाणी ‘नाही’, आणि दोन्ही निकाल एकमेकांच्या विरोधात नाहीत. दोन्हींचा प्रश्न एकच होता, की नियमात काय लिहिलंय?

आमच्या भाषेत सांगतो. फोनची नवीन व्हर्जन आली की जुनी ॲप्स त्यावर चालतात, असं आपण समजतो. कारण बनवणाऱ्याने तशी सोय केलेली असते. सोय केली नसेल तर ॲप उघडतच नाही, मग तुमचा फोन कितीही महाग असो. बीटेकमध्ये आयटीआय चालेल ही सोय पदवीत आपोआप नसते. ती नियमात कुणीतरी लिहावी लागते.

नियम न सांगता सांगतो तेव्हा

काही वेळा मात्र नियमात सरळ लिहिलेलं नसतं, पण नियम पूर्ण वाचला की कळतं. याचं उदाहरण हिमाचल प्रदेशचं आहे, २०२१ मधलं ‘पुनीत शर्मा विरुद्ध हिमाचल प्रदेश राज्य वीज मंडळ’. पद कनिष्ठ अभियंता इलेक्ट्रिकल, अर्हता डिप्लोमा, अर्जदार डिग्रीवाले. केरळसारखा नियम इथे नव्हता. उच्च न्यायालयात डिग्रीवाले हरले.

सर्वोच्च न्यायालयाने पुढची पायरी पाहिली. कनिष्ठ अभियंत्याला बढती मिळून तो सहायक अभियंता होतो, त्या बढतीच्या नियमात एक कोटा होता. तो कुणासाठी? जे कनिष्ठ अभियंते रुजू होण्याआधीच पदवीधर होते त्यांच्यासाठी. आता मला सांगा, डिग्रीवाल्याला कनिष्ठ अभियंता होताच येत नसेल, तर हा कोटा कुणासाठी ठेवलाय? म्हणजे नियम करणाऱ्यांनी डिग्रीवाले येतील हे धरलेलंच होतं. डिग्रीवाले जिंकले.

यातून घ्यायचं काय? फक्त जाहिरातीचं पान वाचू नका. त्या पदाचे सेवाप्रवेश नियम वाचा, आणि जमलं तर त्याच्या वरच्या पदाचेही.

‘पदवीधर नसावा’ असंही असू शकतं

आता एक उलटं उदाहरण. पंजाब नॅशनल बँकेत ओडिशात शिपाई पदाची भरती होती. अर्हता बारावी, आणि अट अशी की १ जानेवारी २०१६ रोजी उमेदवार पदवीधर नसावा. एका उमेदवाराकडे पदवी होती. त्याने ती अर्जात लिहिलीच नाही, आणि निवड झाली. पुढे बँकेला कळलं. उच्च न्यायालयाने त्याची बाजू घेतली, पण नोव्हेंबर २०२० मध्ये सर्वोच्च न्यायालयाने बँकेच्या बाजूने निकाल दिला. अट मान्य नव्हती तर आधी आव्हान द्यायचं होतं. अट मान्य करून अर्ज केला आणि पदवी लपवली, मग नोकरीवर हक्क राहत नाही.

हे सांगतोय कारण आपल्याकडे सर्रास सल्ला मिळतो, ‘अरे डिग्री दाखवूच नको, बारावीच दाखव.’ मंडळी, हे करू नका. जास्त शिक्षण असणं हा गुन्हा नाही. पण अर्जात ती माहिती विचारलेली असताना लपवणं अंगाशी येतं, आणि तेही नोकरी लागून दोनचार वर्षं झाल्यावर, लग्न ठरल्यावर, कर्ज काढल्यावर.

बीएड मोठं की डीएड?

आता शिक्षकांकडे येऊ. इथे ‘वरचं’ आणि ‘खालचं’ हे शब्दच गडबड करतात.

एनसीटीईने २८ जून २०१८ ला एक अधिसूचना काढली. पहिली ते पाचवीला शिकवायला बीएडवालेही चालतील, फक्त नेमणुकीनंतर दोन वर्षांत सहा महिन्यांचा ब्रिज कोर्स करायचा. राजस्थान उच्च न्यायालयाने ती अधिसूचना रद्द केली. प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेलं, ‘देवेश शर्मा विरुद्ध भारत सरकार’, निकाल ११ ऑगस्ट २०२३. न्यायालयाने राजस्थानचा निकाल कायम ठेवला. लहान मुलांना शिकवणं हे वेगळं कौशल्य आहे, आणि डीएड, म्हणजे आताचं डीएलएड, त्याच्यासाठीच बनवलेलं आहे. बीएड त्यासाठी बनवलेलं नाही. मुलांना नुसतं शिक्षण मिळून भागत नाही, दर्जेदार शिक्षण मिळायला हवं, तो त्यांचा हक्क आहे, असा त्यामागचा विचार. नंतर न्यायालयाने हेही स्पष्ट केलं की हा निकाल पुढच्या भरत्यांसाठी आहे, आधी रीतसर लागलेल्यांना त्यामुळे काढायचं नाही.

माझी एक मावशी जिल्हा परिषदेच्या शाळेत पहिलीला शिकवायची. एकदा मी तिच्या वर्गात बसलो होतो. एक मुलगा ‘ब’ आणि ‘व’ सारखा लिहायचा. तिने त्याचा हात धरला आणि वाळूच्या ताटात बोटाने गिरवून घेतला. दहा मिनिटं, एकच अक्षर. एमए मराठी केलेल्या माणसाला हे सुचेलच असं नाही. ज्याने शिकवायचं कसं हे शिकलंय त्याला सुचेल. मग मोठं कोण, एमए बीएड की डीएड? हा प्रश्नच चुकीचा आहे. काम कुठलं, ते आधी सांगा.

रांगेतला तो मुलगा

आता माझ्या गोष्टीतला राहिलेला भाग सांगतो. तो मी मुद्दाम मागे ठेवला होता, कारण मला तो सांगायला थोडं जड जातं.

त्या दिवशी पडताळणीच्या रांगेत माझ्या मागे एक मुलगा होता. प्रतीक्षा यादीतला. आयटीआय इलेक्ट्रिशियन, दोन वर्षांचा, आणि वर एका कंत्राटदाराकडे काम केलेलं. तळहातावर भाजल्याचा डाग होता. आम्ही तीन तास बोलत होतो. त्याने मला विचारलं, “तुम्ही जॉइंट कसा करता, टेप आधी की स्लीव्ह?” मला कळलंच नाही तो काय विचारतोय. मी चार वर्षांत पॉवर सिस्टिम, मशिन्स, कंट्रोल सगळं शिकलो होतो. प्रॅक्टिकलला मोटरची जोडणी केली होती, तीही चार जणांत मिळून. पण खांबावर चढून, पावसात, अंधारात फॉल्ट शोधणं? कधीच नाही. आणि जाहिरात त्या कामाची होती.

मी अपात्र झालो तेव्हा प्रतीक्षा यादी एकाने वर सरकली. तो लागला की नाही मला माहीत नाही, नंबर घेतला नव्हता. पण बाहेर पडताना मी त्याच्याकडे बघितलंसुद्धा नाही. रागात होतो ना.

जम्मू-काश्मीरच्या निकालात एक मुद्दा आहे, तो वाचताना मला तो मुलगा आठवला. न्यायालय म्हणतं की सरकार नोकरी देताना फक्त कामाची गरजच बघतं असं नाही. समाजाच्या वेगवेगळ्या थरांतल्या लोकांना संधी मिळावी, हा विचारही सरकार करू शकतं. सोप्या मराठीत सांगायचं तर, वरच्या शिक्षणवाल्यांना सगळ्या खालच्या जागा खुल्या केल्या, तर लेखी परीक्षेत बहुतेक वेळा आमच्यासारखेच पुढे जाणार. ज्याने दहावीनंतर घरच्या परिस्थितीमुळे आयटीआय धरला, त्याला जी एक जागा खास त्याच्या कामासाठी होती, तीही जाणार. त्याला वरची जागा मिळू शकत नाही. मला मात्र वरचीही मिळू शकते आणि खालचीही. हा काय न्याय झाला?

मला माहीत आहे, काही जणांना हे ऐकून राग येईल. वरच्या जागा आहेत कुठे, असं म्हणाल. बरोबर आहे तुमचं. डिग्रीवाला आयटीआयच्या जागेला अर्ज करतो तो हौसेने करत नाही. मी केला तेव्हा घरात हप्त्याची चिंता होती. पण त्या दुखण्याचं औषध त्या मुलाच्या जागेत नाही.

माझी खरी तक्रार

मग माझी काहीच तक्रार नाही का? आहे. ती नियमावर नाही, पद्धतीवर आहे.

माझ्या फॉर्ममध्ये आयटीआयचा रकाना रिकामा होता. मग फॉर्म पुढे जाऊ कसा दिला? एक साधी तपासणी लागते: आयटीआय नसेल तर तिथेच लाल अक्षरात लिहा, ‘आपण या पदासाठी पात्र नाही’. ते कोडिंग अर्ध्या दिवसाचं आहे, हे मी माझ्या कामाच्या अनुभवावरून सांगतो. पण होतं काय, फी घेतली जाते, परीक्षा होते, निकाल लागतो, पेढे वाटले जातात, आणि शेवटच्या टेबलावर कळतं. २०२३ च्या तलाठी भरतीत खुल्या प्रवर्गाची फी १००० रुपये होती. वर्षात असे पाच फॉर्म भरणाऱ्या मुलाचा हिशोब तुम्हीच करा, वर प्रवास आणि क्लास वेगळा. ‘उमेदवाराने पात्रता स्वतः तपासावी’ ही ओळ प्रत्येक जाहिरातीत असते. तपासायला हवीच. पण जाहिरातीची भाषा अशी असावी की तपासता येईल.

आणि चांगली उदाहरणं आहेत. रेल्वेची २०२४ ची असिस्टंट लोको पायलटची जाहिरात बघा. दहावी आणि आयटीआय, किंवा ठरावीक शाखांचा डिप्लोमा, आणि पुढे स्पष्ट लिहिलं होतं की त्या शाखांची इंजिनियरिंगची डिग्री डिप्लोमाच्या जागी चालेल. एक ओळ! त्या एका ओळीने कितीतरी डिग्रीवाल्यांचा प्रश्न मिटला.

फॉर्म भरण्याआधी

आता कामाचं बोलू. हा भाग सेव्ह करून ठेवा.

एक. जाहिरातीत ‘किंवा’ शोधा. ‘डिप्लोमा किंवा त्याहून उच्च अर्हता’ असं असेल तर प्रश्न मिटला. ‘किंवा शासनाने समतुल्य घोषित केलेली अर्हता’ असं असेल तर मिटला नाही. कारण समतुल्य घोषित केल्याचा शासन निर्णय लागतो. तुम्हाला समतुल्य वाटणं पुरेसं नाही. समतुल्य आणि उच्च हे दोन वेगळे शब्द आहेत.

दोन. आवश्यक अर्हता आणि प्राधान्याची अर्हता वेगळी वाचा. आवश्यक मधलं एकही नसेल तर तुम्ही बाहेर. प्राधान्याच्या रकान्यात पीएचडी असली तरी ती आवश्यक मधली भोक बुजवत नाही.

तीन. शाखा बघा. केरळच्या निकालातही ‘त्याच शाखेतली’ पदवी होती. इलेक्ट्रॉनिक्सवाल्याने इलेक्ट्रिकलच्या जागेला ‘जवळजवळ तेच’ म्हणून जाऊ नये. जवळजवळ हा शब्द पडताळणीच्या टेबलावर चालत नाही.

चार. सेवाप्रवेश नियम मिळवा. जाहिरात आणि नियम यात फरक असेल तर नियम मोठा. विभागाच्या संकेतस्थळावर बऱ्याचदा असतात. नसतील तर माहिती अधिकारात अर्ज करा. दहा रुपये फी, उत्तराला तीस दिवसांची मुदत. म्हणून जाहिरात यायची वाट बघू नका, आधीच मागवून ठेवा.

पाच. तारीख. अर्हता साधारणपणे अर्जाच्या शेवटच्या तारखेला हातात असावी लागते, जाहिरातीत वेगळी तारीख दिली असेल तर त्या तारखेला. ‘निकाल पुढच्या आठवड्यात आहे’ हे चालत नाही.

सहा. अट अन्यायाची वाटली तर परीक्षेआधी आव्हान द्या. परीक्षा दिली, नापास झालो किंवा अपात्र झालो, आणि मग अट चुकीची होती असं म्हणालो तर न्यायालयं सहसा ऐकत नाहीत. राज्य सरकारच्या पदांसाठी मॅट आहे, म्हणजे महाराष्ट्र प्रशासकीय न्यायाधिकरण. केंद्राच्या पदांसाठी कॅट. महामंडळं आणि कंपन्यांचं प्रकरण बहुतेक वेळा उच्च न्यायालयात जातं.

तीन मेसेजची तीन उत्तरं

सिव्हिलवाल्या मित्रा, तुझ्या जाहिरातीत ‘पदवी किंवा पदविका’ असेल तर आज रात्री फॉर्म भर. फक्त ‘पदविका’ असेल तर आधी सेवाप्रवेश नियम बघ. नियमातही डिग्रीला दार नसेल, तर ती फी वाचव.

एमए बीएड ताई, पहिली ते पाचवीसाठी डीएलएड लागेल आणि टीईटीचा पहिला पेपर. सहावी ते आठवी, आणि त्यापुढे तुमच्या विषयाला, बीएड कामाला येतं. तिकडे लक्ष द्या. तुमचं शिक्षण कमी नाही, ते दुसऱ्या वर्गाचं आहे.

आणि कॉम्प्युटर इंजिनियर साहेब! जाहिरातीत एमएससीआयटीऐवजी काय काय चालेल याची यादी किंवा शासन निर्णयाचा क्रमांक असतो. त्यात तुमची पदवी बसते का ते वाचा. बसत नसेल तर निमूटपणे एमएससीआयटी करून टाका. हसू येईल मान्य आहे. माऊस कसा धरायचा हे तुम्हाला शिकवतील. पण त्या कागदाचा खर्च एका चुकलेल्या नोकरीपेक्षा फार कमी आहे. आणि हो, लिपिक-टंकलेखकाला टायपिंगचं सरकारी प्रमाणपत्रही लागतं, मराठी ३० किंवा इंग्रजी ४० शब्द मिनिटाला. तुम्ही दिवसभर कीबोर्ड बडवता म्हणून त्यातून सूट नाही.

जाता जाता, अप्पांचा प्रश्न. परवा गावी गेलो होतो तेव्हा त्यांना हे सगळं सांगितलं, केरळ, काश्मीर, सगळं. ते खळ्यात बसून दोरी वळत होते. ऐकून घेतलं आणि म्हणाले, “म्हणजे नापास नव्हतास. तुझा फॉर्मच त्या जागेचा नव्हता.”

मी म्हटलं, “हो.”

“मग त्या पोराला लागली का नोकरी?”

मी म्हटलं, “माहीत नाही, अप्पा.”

“विचारायला पाहिजे होतंस,” म्हणाले, आणि परत दोरी वळायला लागले.

असो. तुमच्यापैकी कुणी पडताळणीच्या रांगेत उभं राहून हे ऐकत असेल, तर फाइल एकदा उघडून बघा, सगळे कागद आहेत ना. आणि शेजारच्याशी नीट बोला, त्याचा नंबर घ्या. हा भाग फॉर्म भरायच्या तयारीत असलेल्या एका तरी मित्राला पाठवा, तेही फी भरायच्या आधी. प्रश्न असतील तर व्हॉइस मेसेज करा, जाहिरातीचं ते पान सोबत जोडा, नुसतं ‘चालेल का?’ लिहू नका. भेटू पुढच्या भागात. काळजी घ्या!